नळदुर्ग, लोहारा आणि शर्टाच्या खिशातली डबी

"तिथं बघायला काय आहे?" हा प्रश्न सोसायटीतल्या तिघींनी मला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारला. डिसेंबरात पुणेकरानं कोकणात जावं, फार तर महाबळेश्वरला, असा अलिखित नियम आहे. धाराशिव जिल्ह्यात सहलीला चाललोय म्हटलं की समोरचा माणूस आधी चेहरा पाडतो, कुणी आजारी आहे का म्हणून. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: बालाघाटाचं पठार आहे, हिवाळ्यात ज्वारी आणि हरभरा उभा असतो, नळदुर्गचा किल्ला आहे, तुळजापूर आहे, आणि गर्दी नाही. यातलं सगळं खरं होतं. फक्त जाण्याचं कारण त्यात नव्हतं.

कारण सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझ्या नवऱ्याला, सुधीरना, गेल्या चार वर्षांत ऐकू येणं फार कमी झालंय. दोन वर्षांपूर्वी दोन्ही कानांची मशीन घेतली. आठ दिवस घातली आणि काढून ठेवली. तेव्हापासून ती एका चपट्या डबीत, आणि डबी शर्टाच्या खिशात. शर्ट बदलला की डबी नव्या शर्टात जाते, पण कानात काही जात नाही. मी भांडले, रडले, डॉक्टरांना सांगायला लावलं. "बघू," एवढंच म्हणायचे. मग मीही बोलणं कमी करत आणलं. प्रत्येक वाक्य तीनदा ओरडून म्हणायचं, तर माणूस कामाचीच वाक्यं ठेवतो. जेवायला या. गोळी घेतली का. गॅस संपलाय. आमच्या घरात चौतीस वर्षांचा संसार या तीन वाक्यांवर येऊन थांबला होता.

आमची मुलगी मुक्ता बंगळूरला असते, तिला सहा महिन्यांचं बाळ आहे. ती गेले दोन महिने म्हणत होती, "आई, तू इकडेच ये. कायमची." बाबांचं काय विचारलं तर म्हणाली, "बाबा घर सोडून येणार नाहीत. आणि खरं सांगू? तू नाहीस हे त्यांना कळायलाच आठवडा जाईल." ती चेष्टेत म्हणाली. मला ते चेष्टेतलं वाटलं नाही. चार दिवस दोघंच बाहेर काढायचे आणि काय ते ठरवायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. सुधीरना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि अशी गोष्ट ओरडून सांगता येत नाही.

सकाळी सहाला निघालो. पुणे-सोलापूर रस्ता उत्तम आहे, उसाच्या ट्रॉल्या सोडल्या तर कसली अडचण नाही. गाडी मी चालवते, कारण ह्यांना मागचा हॉर्न ऐकू येत नाही. आणि गाडी चालवताना मला तोंड वळवता येत नाही, आणि तोंड दिसल्याशिवाय ह्यांना कळत नाही. म्हणजे साडेपाच तास मौनव्रत. टेंभुर्णीच्या पुढं एका धाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली, चांगली होती. शेजारच्या टेबलावर आमच्याहून म्हातारं एक जोडपं कांदा कोण फोडणार यावरून कचाकचा भांडत होतं. मला त्यांचा हेवा वाटला.

सोलापूरहून तुळजापूर तासाभराच्या आत येतं. शेवटी रस्ता चढायला लागतो आणि आपण पठारावर येतो. हवा कोरडी आणि गार होते. देवळाजवळच्या गल्ल्यांत गाडी घालू नका, बाहेरच्या पार्किंगमध्ये लावून चालत जा. लॉजची खोली स्वच्छ मिळाली. गरम पाणी फक्त सकाळी आठपर्यंत, हे मात्र आधीच विचारून घ्या.

लग्नानंतर पाचव्या दिवशी आम्ही इथं आलो होतो, शेल्याची गाठ बांधून, पायऱ्या उतरताना मी त्या गाठीत अडकून पडणार होते. आताही पायऱ्या तशाच आहेत. आमच्या पुढं एक नवं जोडपं उतरत होतं. त्यांची गाठ सुटू नये म्हणून मुलाच्या आईनं ती मुठीत धरली होती. सुधीरनी ते बघितलं आणि माझ्याकडं बघून हसले. मी काहीतरी बोलले. त्यांनी मान हलवली, पण ती न ऐकता हलवलेली मान होती. ती मी आता ओळखते.

दर्शन तासाभरात झालं. देवळात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. त्यावर हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा. उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी रांगेत उभी राहिले. हात ठेवला आणि विचारलं, जाऊ का मुक्ताकडं? दगड हलेना. मी जरा जोर लावून बघितला, तरी हलेना.

मागच्या बाई म्हणाल्या, "ताई, आवळू नका. हललं न्हाय म्हंजी काम लांबनीवर हाय."

"किती लांबणीवर?"

"ते द्येवीलाच ठाव. सरका आता, माझं पोरीच्या लग्नाचं इचारायचंय."

देवीनंही "बघू" म्हटल्यासारखं झालं. रात्री खोलीत दोन कॉटवर दोघं झोपलो. दिवा मालवला की आमच्यातलं बोलणं पूर्ण संपतं, कारण अंधारात ओठ दिसत नाहीत. चार वर्षं हे असंच चाललंय, पण परक्या खोलीत ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी नळदुर्ग. तुळजापूरहून पाऊण तास. वाटेत पवनचक्क्या, तुरीची वाळत आलेली शेतं, मध्येच हिरवागार हरभरा. किल्ला प्रचंड आहे, काळ्या दगडाचा, आणि आत चालायला भरपूर. टोपी आणि पाणी घ्या. उपळी बुरुजावर चढून सगळा मुलूख दिसतो. पण इथली मोठी गोष्ट म्हणजे पाणीमहाल: बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातलाय आणि बांधाच्या पोटात खोल्या. पावसाळ्यात बांधावरून दोन धबधबे पडतात, एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. शेजारी-शेजारी पडतात आणि आत महालात बसलेला माणूस कोरडा राहतो. फोटोत बघून मी याच जागेसाठी आले होते.

दोन्ही धबधबे कोरडे होते. दगडावर शेवाळाचे वाळलेले पट्टे, खाली हिरवट डबकं, त्यात एक बगळा.

"आता कसं पडंल पानी?" तिथला राखणदार म्हणाला. "श्रावण-भादव्यात या. दोघं बी पडत्यात. निस्ता आवाज! बोललेलं ऐकू येत न्हाय शेजारच्याचं."

"आमच्याकडं ते बारा महिने असतं," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही, हसला बिचारा.

पाणीमहालाच्या खिडकीत आम्ही अर्धा तास बसलो. सुधीर दगडाचे सांधे हातानं चाचपत होते, आयुष्यभर सरकारी बांधकामांवर गेलेला माणूस. पूर्वी असते तर त्यांनी मला तासभर समजावून सांगितलं असतं, पाण्याचा दाब, उतार, चुना. मी कंटाळले असते. आता ते एकटेच मान डोलवत होते. मला एकदम इतकं एकटं वाटलं की मी उठून बाहेर गेले आणि त्या बगळ्याकडं बघत राहिले. तिथंच ठरवलं. जायचं. जानेवारीतच जायचं.

रात्री नळदुर्गातच मुक्काम केला. तिसऱ्या दिवशी नळदुर्गहून जळकोट, तिथून लोहारा, पुढं माकणीचं धरण आणि मग तेर असा बेत होता. नाश्ता लोहाऱ्यात करू, गरम भजी मिळतील, असं म्हणून सकाळी फक्त चहावर निघालो. ही आमची चूक. तुम्ही करू नका, म्हणून सविस्तर लिहिते.

लोहारा तालुक्याचं गाव आहे. तहसील आहे, एसटी थांबते, जीपा भरून जातात. आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि गावात माणूस नव्हता. हॉटेलं बंद, किराणा बंद, चहाची टपरीसुद्धा फडकं बांधून बंद. एका ओट्यावर कुत्रं झोपलेलं. जीपच्या थांब्यावर एक जीप होती, तिच्यात ड्रायव्हर नव्हता.

"काही दंगल-बिंगल झाली का?" सुधीर म्हणाले. गेल्या दोन तासांतलं त्यांचं पहिलं वाक्य. "परत फिरू या."

परत फिरून तरी कुठं जायचं? मी गाडी तशीच पुढं घेतली. गावाबाहेर दोन किलोमीटरवर एक म्हातारे गृहस्थ रस्त्याच्या कडेला उभे होते, धोतर, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. त्यांनी दोन्ही हात आडवे करून गाडी थांबवली. मला वाटलं पुढं रस्ता बंद आहे.

"कुठं निघालाव?" ते इतक्या जोरात म्हणाले की मी दचकले.

"तेरला. गावात सगळं बंद कसं?"

त्यांनी कानामागं हात धरला. मी परत सांगितलं. तोवर बांधावरून एक म्हातारी लगबगीनं येत म्हणाली, "त्यास्नी ऐकू येत न्हाय, ताई. आज येळवस हाय की! आज कोन दुकान उघडतंय? समदी रानात. चला, उतरा. उपाशी जाऊ नी आजच्या दिवशी."

म्हणजे वेळ अमावस्या. या भागात हा दिवस दिवाळीहून मोठा, हे मला घरी परतल्यावर कळलं. सगळं गाव शेतात जातं, शेतातच पूजा, शेतातच जेवण, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला बोलावून खाऊ घालायचं. ओळख लागत नाही. तुम्ही वेळ बघून या दिवशी गेलात तर नाश्त्याची चिंता करू नका, फक्त कुणी हात केला की थांबा.

ते सुदामतात्या आणि त्या सोजरमावशी. मुलगा हैदराबादला कंपनीत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. लेकी आपापल्या सासरच्या रानात. त्यामुळं यंदा येळवशीला दोघंच होते, आणि स्वयंपाक मावशींनी दहा माणसांचा केला होता. "कमी करायला हात धजत न्हाय," असं त्या म्हणाल्या. रस्त्यावर उभं राहून तात्या सकाळपासून माणूस शोधत होते.

ज्वारीच्या मधोमध कडब्याची कोप उभी केलेली, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांची तिकोनी खोपी, वरून शालू पांघरलेला. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली आणि मावशींनी आंबिलाचं मडकं पुढं केलं. ताकात ज्वारीचं पीठ, लसूण, आदल्या दिवशीच आंबवलेलं. हे आंबील झाडाच्या डहाळीनं पिकावर शिंपडत रानाला फेरी मारायची. पुढच्यानं शिंपडायचं आणि मागच्यानं "ओलगे, ओलगे!" असं मोठ्यानं ओरडत जायचं. कानडी शब्द आहे म्हणे, अर्थ तात्यांना माहीत नव्हता, त्यांच्या आज्यालाही नव्हता.

"मागं वरडायला पोरगं असतंय दर साली," मावशी म्हणाल्या. मग सुधीरकडं बघून, हातवारे करत, "सायेब, तुमी वरडा!"

मी पटकन म्हणाले, "नको, ते ओरडत नाहीत." कारण ऐकू कमी यायला लागल्यावर ह्यांचा आवाज फार चढला होता. भाचीच्या लग्नात ह्यांनी काहीतरी विचारलं आणि सगळा हॉल वळून बघायला लागला. त्या दिवसापासून ते ओठातल्या ओठात बोलतात.

पण त्यांना मावशींचे हातवारे कळले होते. तात्या पुढं, सुधीर मागं. पहिलं "ओलगे" पुटपुटल्यासारखं निघालं. तात्या वळून गरजले, "ज्वारीला ऐकू जाऊ द्या की, पाव्हणं!" तेवढं ह्यांना ऐकू गेलं. आणि मग माझा नवरा ओरडला. इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या रानातल्या लोकांनी तिकडून उत्तर दिलं. दोघं बहिरे रानभर ओरडत फिरत होते, पँट गुडघ्यापर्यंत आंबिलानं भरली होती, आणि मी बांधावर उभी राहून हसत होते आणि मला रडूही येत होतं. हा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

फेरी लांब गेली तशी मावशींनी जेवायला बोलवायचं ठरवलं. हाक नाही मारली. खाली वाकून एक ढेकूळ उचललं आणि तात्यांच्या पायापाशी नेमकं टाकलं. तात्या वळले.

"असंच बोलवता?" मी विचारलं.

"हाका मारून घसा कशाला बसवायचा? ढेकूळ टाकलं की बघतंय. बघितलं की म्या बोलते."

"आणि ऐकू आलं नाही तर?"

"न्हाय आलं तर न्हाय. म्या दिसभर बोलते त्येच्यासंगं. ईस वरसं झाली बहिरा होऊन. त्येला ऐकू येत न्हाय म्हून म्या बोलायचं सोडलं, तर मीच मुकी व्हईन की, बाई."

मावशी ताटं मांडायला लागल्या, तसा मीही हात लावला.

जेवणाचं सांगायलाच हवं. हरभरा, तूर, वाटाणा, भुईमूग, पालेभाज्या, रानात जे जे आहे ते सगळं एकत्र शिजवलेली भज्जी. बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे. गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, आणि वर आंबील. भज्जी मी तीनदा घेतली. पुरुष कोपीच्या पुढं बसले, आम्ही दोघी मागच्या बाजूला सावलीत. मध्ये कडब्याचा आडोसा. पलीकडं दोन बहिरी माणसं आपसांत खासगी बोलत होती, म्हणजे अर्ध्या तालुक्याला ऐकू जाईल असं.

"खिशात काय हाय?" तात्यांनी विचारलं.

"कानाचं मशीन."

"मग घालीत का न्हाई?"

मला वाटलं सुधीरना ऐकू गेलं नसेल. मग म्हणाले, "त्यात हिचा आवाज येत नाही हो. म्हणजे येतो, पण हिचा नाही येत. पत्र्याच्या डब्यातून कुणीतरी दुसरीच बाई बोलल्यासारखा येतो. मला हिचा आवाज पाठ आहे. मशीन घालून तोही पुसला जाईल अशी भीती वाटते."

"त्यास्नी सांगितलं का हे?"

"असं कसं सांगणार? आणि आता ती बोलतही नाही फारशी."

मावशी माझ्या ताटात खीर वाढायच्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि परत वाढायला लागल्या, दोन पळ्या जास्त. मी पदराला डोळे पुसले. चार वर्षं मला वाटत होतं की मी एकटी एका खोलीत कोंडलेली आहे. शेजारच्या खोलीत हा माणूस माझा जुना आवाज धरून बसला होता, आणि मी रोज तीन वाक्यं आत सरकवत होते.

तेर राहिलं. निघेपर्यंत तीन वाजले. मावशींनी उंडे आणि बाटलीभर आंबील बांधून दिलं. बाटलीचं झाकण सैल ठेवा म्हणाल्या. मी ते विसरले आणि सोलापूरच्या अलीकडं ती फुटून मागची सीट आंबली. वास अजून आहे. रात्री सोलापुरात राहिलो, दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात. वाटेत त्या विषयावर काही बोलणं झालं नाही. सिनेमात होतं तसं काही होत नाही, गाडी तीच, रस्ता तोच, मला तोंड वळवता येत नव्हतंच. फक्त मी बोलत होते. समोर बघत, त्यांना ऐकू जात नाही हे माहीत असून. ज्वारी कशी आलीय, हा ट्रकवाला बघा कसा घुसतोय, माझा गुडघा दुखतोय. पुण्यात येईपर्यंत घसा बसला.

येऊन तीन आठवडे झाले. फरशीच्या घरात ढेकळं नसतात, म्हणून मी शेंगदाणा फेकते, त्यांच्या पेपरवर. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मशीनच्या आवाजाची सवय व्हायला महिने लागतात, रोज थोडं थोडं घालायचं. तर रोज संध्याकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटं. पहिल्या दिवशी चेहरा वाकडा करून म्हणाले, "ही कोण बाई बोलतेय?" मी म्हणाले, "नवीन आलीय. ओळख करून घ्या." दहा मिनिटं झाली की डबी परत खिशात. उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं पूर्वीसारखीच आहेत, खोटं कशाला सांगू. रात्री दिवा मालवला की अजूनही मला फार एकटं वाटतं. फक्त आता एवढं माहीत आहे की पलीकडच्या कॉटवरही कुणाला तरी तसंच वाटतंय.

बंगळूरचं मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. वरचं सगळं लिहून झालं आणि नेहमीप्रमाणं शुद्धलेखन तपासायला लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला, तेव्हा लक्षात आलं की ते त्यात आहे. मुक्ताचं वाक्य, चिंतामणीला विचारलेला प्रश्न, नळदुर्गचा बगळा, सगळं. काढून घ्यायला हात पुढं केला, पण मग राहू दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढून पुसला. दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. मग खिशातून डबी काढली. चहाची वेळ नव्हती, सकाळचे अकरा वाजले होते. दोन्ही मशीन कानात बसवली, खुर्ची ओढून माझ्यासमोर आणली आणि म्हणाले,

"आता हे तोंडानं सांग. ओरडू नकोस."

मी आत जाऊन गॅस बारीक केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.